केशप्रत्यारोपण : हात कोणाचा, जबाबदारी कोणाची?

केशप्रत्यारोपणानंतर दोन अभियंत्यांचा मृत्यू झाल्याचे कानपूरमधील प्रकरण मे २०२५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा उत्तर प्रदेशात आणि लगतच्या राजधानी परिसरात मोठी खळबळ उडाली होती. पहिला मृत्यू नोव्हेंबर २०२४ मधील, तर दुसरा मार्च २०२५ मधील होता. दोन्ही कुटुंबांची तक्रार एकाच दवाखान्याविरुद्ध होती आणि शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती दंतवैद्यक असल्याचे तपासात पुढे आले. दुसऱ्या मृत्यूनंतर गुन्हा नोंदवला जाण्यास जवळपास दोन महिने लागले, आणि त्याची बातमी प्रसिद्ध झाल्यानंतरच पहिल्या मृताचे नातेवाईक पुढे आले. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. तथापि या घटनांनी उपस्थित केलेला प्रश्न त्या एका दवाखान्यापुरता मर्यादित नाही.

या प्रकरणातील दोन गोष्टी विचार करायला लावणाऱ्या आहेत. मृत्युमुखी पडलेले दोघेही तांत्रिक शिक्षण घेतलेले होते. त्यामुळे रुग्णांच्या अज्ञानावर बोट ठेवून हा विषय संपवता येणार नाही. दुसरी गोष्ट अशी, की पहिल्या मृत्यूनंतर चार महिने उलटले तरी तो दवाखाना सुरूच होता आणि तेथे येणाऱ्या पुढच्या माणसाला आधीच्या घटनेची माहिती मिळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. कुशल शल्यविशारद निवडणे ही रुग्णाची जबाबदारी आहे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. परंतु ज्या माहितीच्या आधारे ही निवड करायची, ती त्याच्या हाती असते काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कानपूरची घटना पहिली नव्हती. २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकीय पदवीच्या अंतिम टप्प्यात असलेल्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याचा केशप्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला होता. मार्च २०१९ मध्ये मुंबईतील ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने चिंचपोकळी येथील दवाखान्यात हीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार केस बसवण्यात आल्याचे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते आणि तीव्र ॲलर्जीची शक्यता वर्तवण्यात आली होती. २०२१ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी क्षेत्रात काम करणारा ३० वर्षांचा तरुण शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाने दगावला. लाखो निर्वेध शस्त्रक्रियांच्या तुलनेत असे मृत्यू अत्यल्प आहेत, हे खरे. पण ज्या शस्त्रक्रियेने कोणाचाही जीव वाचत नाही, तिच्यात जीव गमावण्याचा संभवही जवळपास शून्य असला पाहिजे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

गाझियाबादची परिस्थिती

या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप गाझियाबादसारख्या शहरात दिसते. १९७६ मध्ये मेरठपासून वेगळा झालेला हा जिल्हा आज दिल्लीचाच विस्तार बनला आहे. दिल्ली मेट्रो २०११ मध्ये वैशालीपर्यंत आणि २०१९ मध्ये शहीद स्थळ या नव्या बसस्थानकापर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ पासून साहिबाबादहून ‘नमो भारत’ ही जलद रेल्वेही धावू लागली. इंदिरापुरम, वैशाली किंवा कौशांबी येथे राहणारा नोकरदार तरुण, मग तो मूळचा पूर्वांचलचा असो वा महाराष्ट्राचा, फारसा प्रवास न करता गाझियाबाद, नोएडा, दिल्ली किंवा गुरुग्राम यांपैकी कोठेही शस्त्रक्रिया करून घेऊ शकतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्याच्यासमोर डझनभर दवाखान्यांच्या जाहिराती येतात. सर्वांचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो: वेदना नाही, व्रण नाही, खात्रीशीर परिणाम, सुलभ हप्ते.

पर्यायांची ही विपुलता वरवरची आहे. यमुनेच्या किंवा राज्यसीमेच्या पलीकडे गेले की दवाखान्याच्या नोंदणीचा कायदा बदलतो, तपासणी करणारा अधिकारी बदलतो आणि डॉक्टरची नोंद ठेवणारी राज्य वैद्यक परिषदही बदलते. ग्राहकाला हे तीन राज्यांचे क्षेत्र एकच बाजारपेठ वाटते. शासनाच्या दृष्टीने मात्र त्या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

निवडीचे निकष समजून घ्यायचे, तर आधी या शस्त्रक्रियेत नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. पुरुषांमधील नेहमीचे टक्कल हे आनुवंशिकता आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या परिणामातून येते. डोक्याच्या मागच्या आणि कानांलगतच्या बाजूंचे केस या संप्रेरकाला फारसे बळी पडत नाहीत. तेथील केशमुळे काढून पुढच्या भागात लावली, तर ती आपला मूळ गुणधर्म टिकवतात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. आजचे संपूर्ण शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. पूर्वी मागच्या बाजूची त्वचेची पट्टी कापून तिच्यातून केशमुळे वेगळी केली जात. २००२ नंतर एकेक केशसमूह बारीक नळीसारख्या हत्याराने टिपून काढण्याची पद्धत रूढ होत गेली. तिला एफयूई म्हणतात. अशा प्रत्येक समूहात, म्हणजे ग्राफ्टमध्ये, साधारणपणे एक ते चार केस असतात.

येथे दोन बाबी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही, की या प्रक्रियेत नवे केस निर्माण होत नाहीत. असलेल्याच केसांची जागा बदलली जाते. मागील भागातील साठा आयुष्यभरासाठी मर्यादित असतो आणि टक्कल मात्र वयाबरोबर वाढत राहू शकते. पंचविशीच्या आत असलेल्या तरुणाच्या कपाळावर दाट व खाली आलेली केशरेषा बसवून साठा संपवला, तर चाळिशीत त्याच्यामागचा भाग उघडा पडतो आणि तो भरण्यास काहीही उरत नाही. दुसरी बाब ही, की टाके नसले तरी ही शस्त्रक्रियाच आहे. तिच्यात टाळूच्या मोठ्या भागाला भूल द्यावी लागते आणि ती अनेक तास चालते.

या भुलेचे गणित पाहण्यासारखे आहे. ॲड्रेनलिनसह दिल्या जाणाऱ्या लिग्नोकेनची कमाल मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम मानली जाते. ७० किलो वजनाच्या माणसासाठी हे प्रमाण ४९० मिलिग्रॅम होते. दोन टक्क्यांच्या द्रावणाच्या भाषेत हे २५ मिलिलिटरहूनही कमी, म्हणजे बाजारातील ३० मिलिलिटरच्या एका कुपीपेक्षा कमी भरते. दीर्घ बैठकीत भूल उतरू लागली की पुन्हा टोचावी लागते. एकूण किती औषध गेले याची नोंद कोणी ठेवत नसेल, तर मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते. ओठांभोवती मुंग्या येणे, कानांत आवाज घुमणे, मग झटके आणि हृदयाची लय बिघडणे, असा हा धोक्याचा क्रम आहे. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली, तर उपचारासाठी मिनिटेच हाती असतात. म्हणून खोलीत प्राणवायू, ॲड्रेनलिन, हृदयाच्या ठोक्यांवर देखरेख करणारे यंत्र आणि ते वापरता येणारी व्यक्ती असणे हे सुविधांपेक्षा निकडीचे आहे.

चार सेकंदांचा हिशेब

केशप्रत्यारोपणाच्या व्यवसायातील मुख्य प्रश्न साध्या अंकगणितातून समजतो. एका बैठकीत २,५०० ग्राफ्ट लावायचे आहेत असे धरू. त्यासाठी २,५०० वेळा केशमूळ टिपून काढावे लागते, २,५०० सूक्ष्म छेद घ्यावे लागतात आणि २,५०० वेळा ते छेदात बसवावे लागते. या एकूण ७,५०० कृती झाल्या. आठ तासांचे २८,८०० सेकंद होतात. म्हणजे विश्रांती, जेवण व भूल यांचा वेळ न धरताही एका कृतीसाठी चार सेकंदांपेक्षा कमी वेळ मिळतो. अर्थातच हे काम एकट्या माणसाचे नाही. त्यासाठी सहायकांचा चमू लागतो आणि ग्राफ्ट वेगळे करणे, मोजणे, जपून ठेवणे अशा कामांत प्रशिक्षित सहायकांचा सहभाग जगभर मान्य आहे.

सहायक किती असावेत, याबद्दल फारसा वाद नाही. डॉक्टरने स्वतः काय करायचे, हा मुद्दा कळीचा आहे. केशरेषा आखणे, भूल देणे, केशमुळे काढण्याची खोली व कोन ठरवणे आणि छेद घेणे या गोष्टींवर अंतिम परिणाम व रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते. छेदाचा कोन चुकला तर केस भलत्याच दिशेने उभे राहतात. एकाच जागेतून अतिरिक्त केशमुळे काढली तर मागचा भाग विरळ व ठिपकेदार दिसू लागतो. सल्ला देताना भेटलेले नामवंत डॉक्टर शस्त्रक्रियेच्या दिवशी पाच मिनिटे येऊन जातात आणि बाकीचे सारे काम तंत्रज्ञ करतात, अशा पद्धतीविरुद्ध आंतरराष्ट्रीय केशशल्यविशारद संघटना काही वर्षे जनजागृती करीत आहे. इस्तंबूलपासून दिल्लीपर्यंत या व्यवसायाची वाढ ज्या वेगाने झाली, त्या वेगाने प्रशिक्षित डॉक्टर तयार झाले नाहीत, हे त्यामागचे सरळ कारण आहे.

म्हणूनच एखादा दवाखाना ‘सर्व काम डॉक्टर स्वतः करतात’ असे सांगत असेल आणि त्याच डॉक्टरच्या नावावर एका दिवशी तीन-तीन शस्त्रक्रिया नोंदवीत असेल, तर त्या विधानाची तपासणी करण्यासाठी वैद्यकीय ज्ञानाची आवश्यकता नाही. वरील हिशेब पुरेसा आहे.

नियम काय सांगतात

या क्षेत्रात मार्गदर्शक तत्त्वे नाहीत, असे नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या कृतिदलाने २००८ मध्येच केशप्रत्यारोपणासाठी प्रमाणित निकष प्रसिद्ध केले होते. पुण्याचे डॉ. नरेंद्र पटवर्धन आणि बंगळुरूचे डॉ. वेंकटराम मैसूर हे त्याचे लेखक होते. योग्य प्रशिक्षण, रुग्णाची निवड, समुपदेशन आणि शस्त्रक्रियेच्या जागेतील सुविधा यांचा विचार त्यात आहे.

सरकारी पातळीवर हालचाल होण्यास मात्र २०२२ साल उजाडावे लागले. एका मृत्यूच्या प्रकरणाची सुनावणी करताना दिल्ली उच्च न्यायालयाने, वैद्यकीय देखरेखीविना सलूनसारख्या ठिकाणी अशा शस्त्रक्रिया होणे म्हणजे आपत्तीला निमंत्रण आहे, अशा आशयाचे मत त्या वर्षी नोंदवले. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिशास्त्र व नोंदणी मंडळाने मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच केशप्रत्यारोपण करावे, आणीबाणीच्या उपचारांची सोय असावी आणि सहायकही वैद्यकीय पार्श्वभूमीचे असावेत, असे त्यात म्हटले आहे. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून मिळालेली माहिती प्रशिक्षण म्हणून पुरेशी नाही, असेही मंडळाला स्पष्टपणे लिहावे लागले. हे वाक्य लिहिण्याची वेळ यावी, यातच परिस्थितीचे गांभीर्य आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय दंत परिषदेने, मुख व जबडा शल्यविज्ञानातील पदव्युत्तर पदवीधारक केशप्रत्यारोपणास पात्र आहेत, अशी भूमिका घेतली. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला विरोध केला. या वादाचा निर्णय काहीही होवो, सामान्य माणसाने एक भेद लक्षात ठेवणे उपयुक्त आहे. दंत परिषदेची भूमिकादेखील त्या विशिष्ट पदव्युत्तर पदवीपुरती आहे. दंतवैद्यकाच्या मूळ पदवीपुरती नाही. शिवाय ‘डॉ.’ ही उपाधी दंतवैद्यक, आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर आणि विद्यावाचस्पतीही लावतात. पाटीवरील उपाधीवरून शल्यकर्माचा अधिकार कळत नाही.

तीन राज्ये, तीन व्यवस्था

नियम आहेत, पण त्यांची अंमलबजावणी राज्यांकडे आहे. वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा केंद्रीय कायदा २०१० चा आहे आणि तो स्वीकारायचा की नाही, हे राज्ये ठरवतात. उत्तर प्रदेशाने तो स्वीकारला. जिल्ह्यातील दवाखान्यांची नोंदणी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात होते. हरियाणाने २०१८ मध्ये तो लागू केला, पण प्रारंभी ५० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांपुरताच. दिल्लीने दीर्घकाळ १९५३ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर भिस्त ठेवली, जो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. महाराष्ट्रातही १९४९ चा अशाच स्वरूपाचा कायदा असून त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारण्यात आले. केशप्रत्यारोपणाचा रुग्ण सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. त्याला खाट लागत नाही. खाटांच्या मोजणीवर बेतलेल्या व्यवस्थेतून तो नेमका निसटतो.

जाहिरातींबाबतही अशीच स्थिती आहे. २००२ च्या वैद्यक आचारसंहितेनुसार जाहिरातबाजी करून रुग्ण मिळवणे हे डॉक्टरसाठी नीतिबाह्य वर्तन आहे. पण वैद्यक परिषदेचा शिस्तभंगाचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांवर चालतो. दवाखान्यांची साखळी चालवणाऱ्या व्यापारी कंपनीवर नाही. औषधांच्या बाबतीत कायदा अधिक कठोर आहे. टक्कल बरे करण्याचा दावा ज्यांच्याबाबत करता येत नाही, अशा विकारांच्या यादीत, म्हणजे औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, टकलाचा समावेश आहे. शस्त्रक्रियेच्या दाव्यांना तेवढा स्पष्ट अडसर नाही.

येथे एक विसंगती नजरेत भरते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू करताना आरोग्यसेवांना माफी देण्यात आली. केशप्रत्यारोपण व सौंदर्यशस्त्रक्रिया मात्र तीतून वगळण्यात आल्या. कर वसूल करताना शासनाने या शस्त्रक्रियेला नेमके ओळखले. तिच्यावर देखरेख ठेवताना ती अजूनही नेहमीच्या दवाखान्याच्या गर्दीत हरवते. आरोग्य विम्यातही सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च सर्वसाधारणपणे वगळलेला असतो. त्यामुळे गुंतागुंत झाली तर अतिदक्षता विभागाचा भार कुटुंबावरच पडण्याचा संभव असतो.

निवड करताना काय पाहावे

या पार्श्वभूमीवर रुग्णाने काय करावे? पहिली पायरी म्हणजे नावाची पडताळणी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरील भारतीय वैद्यक नोंदवहीत डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक आणि राज्य परिषद शोधता येते. आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि औषधचिठ्ठीवर दर्शवणे आवश्यक आहे. तो सांगण्यास टाळाटाळ होत असेल, तर पुढची चर्चा करण्याचे कारण उरत नाही. पदवीबरोबरच त्वचारोगशास्त्र किंवा शल्यशास्त्राची पदव्युत्तर पात्रता आणि त्यानंतरचे केशशल्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण कोठे घेतले, हेही विचारावे.

दुसरी पायरी प्रश्नांची आहे. केशरेषा कोण आखणार, भूल कोण देणार, छेद कोण घेणार, केशमुळे कोण काढणार आणि त्या दिवशी डॉक्टरच्या नावावर आणखी किती शस्त्रक्रिया आहेत, याची उत्तरे संमतिपत्रावर नावानिशी लिहून घ्यावीत. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे, की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके समजावून दिल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. शस्त्रक्रियेच्या सकाळी घाईने पुढे केलेला छापील कागद हा या तत्त्वाचा उपहास आहे. संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घरी वाचणे हा रुग्णाचा हक्क आहे.

तिसरी पायरी तपासणीची. चांगला शल्यविशारद आधी निदान करतो. केस गळण्याचे कारण थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, दीर्घ आजार किंवा चाई असू शकते. अशा वेळी प्रत्यारोपण हा उपचारच नसतो. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड यांसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने आधी वापरून पाहण्याचा पर्याय तो समोर ठेवतो आणि त्यांचे दुष्परिणामही सांगतो. तो मागच्या भागाची घनता मोजतो, औषधांची ॲलर्जी, रक्तदाब व मधुमेह यांची चौकशी करतो आणि पुढील २० वर्षांत टक्कल कोठवर जाईल याचा अंदाज देतो. काही वेळा तो नकार देतो. ज्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला होकार मिळतो, जेथे डॉक्टरऐवजी विक्री प्रतिनिधीच ग्राफ्टची संख्या सांगतो आणि ‘आजच आगाऊ रक्कम भरली तर सवलत’ असा आग्रह धरतो, तेथे वैद्यकीय निर्णय व्यापारी हाती गेला आहे, असे समजावे. ग्राफ्टच्या संख्येवर आकारणी असेल तर अधिक ग्राफ्ट काढण्याचा मोह असतो. ठोक रकमेत ‘हवे तितके’ देऊ करणाऱ्याला मागच्या साठ्याची पर्वा नसते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग या दोन्ही टोकांवरून कौशल्य ओळखता येत नाही.

छायाचित्रांबाबत सावधगिरी हवी. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळतात आणि खरा परिणाम ९ ते १२ महिन्यांनी दिसतो. म्हणून एकाच प्रकाशात, ओल्या व विंचरलेल्या केसांची, मागच्या भागासह घेतलेली एक वर्षानंतरची छायाचित्रे पाहावीत; शक्य असल्यास त्याच डॉक्टरच्या जुन्या रुग्णाला प्रत्यक्ष भेटावे. शेवटी, शस्त्रक्रियेची खोली स्वतः पाहावी. प्राणवायूची नळी, देखरेख यंत्र आणि आणीबाणीची औषधे दाखवण्यात चांगल्या डॉक्टरला संकोच वाटत नाही. जवळच्या कोणत्या रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था आहे, हेही विचारावे. रात्री चेहऱ्यावर सूज, ताप किंवा श्वासाचा त्रास झाला तर कोणता डॉक्टर दूरध्वनी उचलील, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तो निर्णायक ठरू शकतो.

विपरीत घडल्यास

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच मान्य केले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने त्यात एक महत्त्वाची सोय केली. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे गाझियाबादच्या रहिवाशाने गुरुग्राममध्ये शस्त्रक्रिया करून घेतली असली, तरी तो गाझियाबादच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. तीन राज्यांच्या सीमांनी जे अवघड केले, ते या तरतुदीने काही अंशी सोपे केले आहे. मात्र मुदत दोन वर्षांची आहे आणि परिणाम कळण्यासच वर्ष जाते, हे विसरता कामा नये. रीतसर बिल, संमतिपत्र, औषधांची नोंद आणि शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे जपून ठेवावीत. वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावीत, असे आचारसंहिता सांगते.

फौजदारी बाजूही अलीकडे बदलली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वैद्यकीय उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरसाठी ही मर्यादा दोन वर्षांची आहे. डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञाला ही सवलत नाही. नोंदणीविना वैद्यकी करणाऱ्यास राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु ही कलमे घटना घडल्यानंतरची आहेत. त्यांनी कुटुंबाला न्याय मिळेल, माणूस परत मिळणार नाही.

प्रतिबंधासाठी लागणारी पावले फार खर्चिक नाहीत. प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने केशप्रत्यारोपण करणाऱ्या दवाखान्यांची स्वतंत्र यादी, त्यातील शल्यविशारदांच्या नावा-क्रमांकांसह, संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी. राजधानी परिसरातील राज्यांनी ती एकत्र उपलब्ध करून दिली, तर ग्राहकासाठी एक असलेला बाजार शासनासाठीही एक होईल. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रत्येक मृत्यूची व गंभीर गुंतागुंतीची माहिती ठरावीक मुदतीत कळवणे दवाखान्यांना बंधनकारक करावे. अशी नोंद २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झाली असती, तर कानपूरमधील पुढचा मृत्यू टळण्याची संधी तरी निर्माण झाली असती.

केस गळण्याचे दुःख वरवरचे मानून हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे सवय आहे. विवाह, नोकरीतील मुलाखत आणि आत्मविश्वास यांच्याशी ते निगडित असल्यामुळे तरुण त्यासाठी बचत मोडतात आणि अनेकदा घरी न सांगता शस्त्रक्रियेला जातात. ही गुप्तताच त्यांना एकटे पाडते. बरोबर कोणी नसते, प्रश्न विचारणारे दुसरे तोंड नसते. जाण्यापूर्वी घरातील एका माणसाला सांगणे आणि त्याला बरोबर नेणे, हीदेखील सुरक्षिततेची एक पायरी आहे. शासनाची यादी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत हत्यार कोणाच्या हाती असणार, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतः विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर स्वाक्षरीसह घेतल्याशिवाय खुर्चीत बसता कामा नये.